पंप, नोंदवही आणि सात सेकंदांचं लॉक

“रा. २.१० ते २.२५ पंप सारखा चालू-बंद. खटखट आवाज. मेन पाडला. सेक्रेटरींना फोन.”

परळ-हिंदमाता पट्ट्यातल्या एका सोसायटीच्या वॉचमनकाकांनी गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहिलेल्या या ओळी. त्या रात्री काय झालं याची एवढीच लेखी नोंद उरली. आमच्या पंप-कंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या मेमरीत) १ वाजून ५२ मिनिटांची ‘पातळी खाली, पंप बंद’ ही नोंद होती आणि त्यानंतर थेट सकाळी मेन पुन्हा चढवल्याची. मधली पंधरा मिनिटं आमच्या यंत्राच्या लेखी घडलीच नव्हती. ज्या यंत्रात आम्ही खास नोंदी ठेवण्यासाठी एक अख्खा डेटाबेस बसवला होता, त्याच्या लेखी.

हे प्रकरण सविस्तर मांडतोय, कारण मुक्त स्रोतातलं चांगलं सॉफ्टवेअर रिअल-टाइम (कामं ठरलेल्या वेळेत व्हावीत अशी रचना असलेल्या) ऑपरेटिंग सिस्टिमवर आणण्याचं काम आता आपल्याकडच्या लहान कंपन्याही रोज करतात, आणि आम्ही जिथे अडकलो ती जागा कंपायलर दाखवत नाही.

यंत्र काय होतं

अंधेरीच्या एमआयडीसीतली आमची छोटी कंपनी थ्री-फेज पंपांचे कंट्रोलर बनवते. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये संप, म्हणजे पाणी साठण्याचा खड्डा, असतो. पावसाचं पाणी तिथे जमलं की पंपाने ते बाहेरच्या गटारात टाकायचं. मुंबईत हे काम दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. समुद्राला मोठी भरती असली की पर्जन्यवाहिन्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही, उलट मागे येतं. ४.५ मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते ती त्यामुळेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हापासून सखल भागातल्या सोसायट्या बेसमेंटच्या पंपाकडे फार गांभीर्याने बघतात, आणि ते बरोबरच आहे. अशा रात्री पंप तासन्‌तास थोड्या-थोड्या वेळाने चालू-बंद होत राहतो.

कंट्रोलरचं पहिलं कर्तव्य पंप चालवणं, दुसरं मोटर वाचवणं. तीनपैकी एक फेज गेला, म्हणजे सिंगल फेजिंग झालं, तर थांबलेली मोटर फिरू शकत नाही. नुसती गुणगुणते आणि नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. आमचं यंत्र तिन्ही तारांमधला करंट मोजतं आणि १५ सायकल, म्हणजे ५० हर्ट्झच्या हिशेबाने ३०० मिलिसेकंद, असमतोल दिसला की कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, उघडतं. मग ‘लॉकआउट’ची खूण साठवतं, म्हणजे माणसाने येऊन रिसेट केल्याशिवाय पंप पुन्हा सुरू होऊ नये.

आत एसटीएम३२एफ४०७ ही चिप: १६८ मेगाहर्ट्झ, १ एमबी फ्लॅश, १९२ केबी रॅम. बाहेर एसपीआय या मोजक्या तारांच्या जोडणीवर १६ एमबीची नॉर फ्लॅश. वर फ्रीआरटीओएस ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम. फायली ठेवायला लिटलएफएस, जी वीज मध्येच गेली तरी बिघडू नये अशाच विचाराने बांधलेली फाइल सिस्टिम आहे. यंत्राची कामं वेगवेगळ्या टास्कमध्ये वाटलेली, आणि वरच्या प्रायॉरिटीच्या टास्कला प्रोसेसर आधी मिळतो. सर्वांत वरच्या प्रायॉरिटीला प्रोटेक्शन टास्क, त्याखाली पातळी आणि डिस्प्ले, मग मोडेम, आणि तळाला नोंदींचा लॉग टास्क. वॉचडॉग, म्हणजे वेळेवर ताजा केला नाही तर चिप रिसेट करणारा टायमर, चार सेकंदांचा. त्याला वेळेवर ताजं करत राहणं हे प्रोटेक्शन टास्कचं काम. ही रचना तीन वर्षं नीट चालली होती.

एसक्यूलाइट का आणलं

सोसायट्यांच्या कमिट्या प्रश्न विचारू लागल्या होत्या. काल रात्री पंप किती वेळा चालला? या महिन्यात ड्राय रन (पाण्याविना पंप चालणं) किती वेळा झालं? बिल एवढं का आलं? आमच्या जुन्या नोंदी म्हणजे बायनरी बाइटांची ओळ. त्यातून उत्तर काढायला प्रत्येक वेळी वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागे. ऑफिसातल्या सर्व्हरवर मात्र याच प्रश्नांच्या एसक्यूएल क्वेरी तयार होत्या. मग यंत्रातच एसक्यूलाइट (एका फायलीत मावणारा छोटा डेटाबेस) बसवलं तर? क्वेरी तीच, टेबल तेच, आणि सर्व्हिसवाल्याला जागेवरच मोबाइलवर उत्तर.

कल्पना चांगली होती, आजही मला ती चुकीची वाटत नाही. एसक्यूलाइट २००० सालापासून आहे, कॉपीराइटशिवाय सर्वांना खुलं आहे, त्याच्या चाचण्यांची शिस्त दाद द्यावी अशी आहे, आणि परक्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेण्याची वाट त्याच्या कर्त्यांनी स्वतः मोकळी ठेवली आहे. सगळा कोड एका मोठ्या सी फाइलमध्ये मिळतो. ऑपरेटिंग सिस्टिमशी त्याचा सगळा संबंध व्हीएफएस नावाच्या एका थरातून जातो: फाइल उघड, वाच, लिही, सिंक कर (लिहिलेलं पक्कं साठव), लॉक कर, वेळ सांग, यादृच्छिक बाइट दे. ‘माझी ऑपरेटिंग सिस्टिम तुझ्या ओळखीची नाही’ असं कंपाइल करताना सांगायचं आणि हा थर आपण लिहून द्यायचा.

आमच्या टीममधल्या एका ज्युनियर मुलीने तो लिहिला, आणि उत्तम लिहिला. डेटाबेस फक्त लॉग टास्कच उघडणार, त्यामुळे थ्रेडची सोय काढून टाकली आणि लॉकच्या फंक्शनांतून नुसतं ‘ठीक आहे’ परत दिलं. वेळ चिपच्या घड्याळातून, यादृच्छिक बाइट चिपच्याच जनरेटरमधून. तात्पुरत्या फायली आणि जर्नल (व्यवहार अर्धवट राहिला तर मागे जाण्यासाठीची नोंद) रॅममध्ये. दोन आठवड्यांत पहिलं टेबल तयार झालं.

त्या दोन आठवड्यांत दोन अडचणी आल्या. दोन्ही शिकवण्यासारख्या आहेत, म्हणून थोडं थांबतो.

पहिली मेमरीची. रिअल-टाइम यंत्रात चालता-चालता वाट्टेल तितकी मेमरी मागणं आम्ही टाळतो; तुकडे पडत जातात आणि एके दिवशी मागणी नाकारली जाते. एसक्यूलाइटमध्ये यावर उत्तर आहे: सुरुवातीलाच त्याला एक ठरावीक तुकडा द्यायचा, त्याच्या बाहेर ते जात नाही. पण हा वाटप करणारा भाग प्रत्येक मागणी दोनाच्या घातापर्यंत वर नेतो. ४०९६ बाइटांचं पान (एसक्यूलाइट फाइल अशा ठरावीक तुकड्यांत वाचतं-लिहितं) आणि त्याला चिकटलेलं थोडं हेडर अशी मागणी आली की ८१९२ बाइट खर्ची पडतात. आमच्या ६४ केबीतला जवळजवळ अर्धा भाग असा हवेत गेला. पानांसाठी स्वतंत्र, नेमक्या मापाची जागा नेमून दिल्यावर प्रश्न मिटला.

दुसरी जास्त लपलेली होती. तो ६४ केबीचा तुकडा आम्ही चिपच्या सीसीएम रॅममध्ये ठेवला होता. ती रॅम थेट प्रोसेसरला जोडलेली, म्हणून वेगवान; पण डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत मजकूर हलवणारा भाग) तिथे पोचत नाही. आमचं एसपीआयचं वाचन डीएमएने होत होतं. तरी सुरुवातीला सगळं चालल्यासारखं दिसलं, कारण लिटलएफएस छोटी वाचनं आपल्या कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) देते आणि ती कॅश साध्या रॅममध्ये होती. पूर्ण ब्लॉकएवढं वाचन आलं की ती मधला टप्पा टाळून मजकूर थेट मागणाऱ्याच्या बफरमध्ये उतरवते. एसक्यूलाइट आधी फाइलचे पहिले १०० बाइट वाचून हेडर तपासतं. ते बरोबर आलं. मग पहिलं पूर्ण पान मागितलं, ते सीसीएममध्ये उतरायला हवं होतं, उतरलं नाही, आणि बफरमध्ये आधीचाच कचरा राहिला. “डेटाबेस बिघडला आहे” हा संदेश. दोन दिवस आम्ही फ्लॅशवर संशय घेत होतो, फ्लॅश निर्दोष होती. शेवटी मध्ये साध्या रॅममधला एक बफर ठेवला आणि डीएमएची एरर खूण तपासायची सवय लावून घेतली.

दोन्ही अडचणी सुटल्यावर सगळ्यांना वाटलं, पोर्टिंग (नव्या सिस्टिमवर आणण्याचं काम) झालं. मलाही वाटलं.

त्या रात्रीची साखळी

जून सुरू होताना यंत्र त्या सोसायटीत बसलं. तीन आठवडे एकही तक्रार नाही. मग मोठ्या भरतीची, जोरदार पावसाची ती रात्र. मीटर रूममधला एका फेजचा फ्यूज गेला. कंट्रोलरची स्वतःची वीज दुसऱ्या फेजवर असल्याने तो जागा होता.

पुढचं आम्ही नंतर पायरी-पायरीने जुळवलं. संपातलं पाणी चढलं, यंत्राने पंप सुरू केला आणि ‘पंप सुरू’ अशी नोंद लॉग टास्ककडे पाठवली. लॉग टास्कने फाइल सिस्टिमचं लॉक (एका वेळी एकाच टास्कला फायली हाताळू देणारं कुलूप) घेतलं आणि लिहायला सुरुवात केली. तीनशे मिलिसेकंदांनी प्रोटेक्शन टास्कने सिंगल फेजिंग ओळखलं आणि कॉन्टॅक्टर उघडला. इथपर्यंत सगळं वेळेत, जसं हवं तसं. मग त्याने लॉकआउटची खूण साठवायला घेतली. ती खूण लिटलएफएसवरच्या एका छोट्या फाइलमध्ये होती. लिटलएफएसला लॉक एकच. लॉक लॉग टास्ककडे. प्रोटेक्शन टास्क थांबला.

चार सेकंद झाले. वॉचडॉगला कोणी ताजं केलं नाही. चिप रिसेट झाली. ‘पंप सुरू’ ही नोंद अर्धवट, म्हणून गेली. लॉकआउटची खूण लिहिलीच गेली नव्हती, म्हणून तीही नाही. यंत्र उठलं, पाच सेकंद थांबून पातळी पाहिली: पाणी वर, लॉकआउट नाही. पंप सुरू.

दर दहा सेकंदांनी एक फेरा. पंधरा मिनिटांत नव्वदच्या आसपास वेळा त्या मोटरने उभ्या जागी तीनशे मिलिसेकंद तो प्रचंड करंट सोसला. मोटरला तासाला मोजकेच स्टार्ट मानवतात. वॉचमनकाका खाली उतरले, त्यांनी कॉन्टॅक्टरची खटखट ऐकली, तापलेल्या वार्निशचा वास ओळखला आणि मेन पाडला. मोटर त्यांच्यामुळे वाचली. बेसमेंटमध्ये सकाळपर्यंत स्कूटरची चाकं बुडतील एवढं पाणी झालं.

सात सेकंद कुठून आले

ऑफिसात आम्ही नवं यंत्र घेतलं, तीन फेजचा सप्लाय लावला, एक फ्यूज काढला. लॉकआउट लगेच झालं. वीस वेळा केलं, वीस वेळा झालं. सोसायटीतून आणलेल्या यंत्राच्या फ्लॅशची जशीच्या तशी प्रत नव्या यंत्रात भरली, आणि पहिल्याच प्रयत्नात खटखट सुरू झाली. म्हणजे दोष फायलीच्या आकारात होता.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, तारांवरचे सिग्नल टिपणारा साधा आठ चॅनलचा लॉजिक अॅनलायझर एसपीआयच्या तारांवर लावला आणि पल्सव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं. एक नोंद, मोजून काही डझन बाइटांची, लिहायला फ्लॅश सात सेकंदांच्या पुढे गुंतलेली. पडद्यावर पुसणं-लिहिणं, पुसणं-लिहिणं, अशी लांबच लांब माळ. आमची ती मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “सर, जर्नल तर आपण रॅममध्ये ठेवलंय. मग हे एवढं लिहितंय तरी काय?”

अख्खी फाइल लिहीत होतं.

लिटलएफएस फायलीचे ब्लॉक मागच्या दिशेने दाखवणाऱ्या साखळीत ठेवते. प्रत्येक ब्लॉकला आपल्या आधीचे ब्लॉक माहीत असतात, पुढचे नाहीत. त्यामुळे फायलीच्या शेवटी भर घालणं स्वस्त पडतं: नवा ब्लॉक जुन्याकडे बोट दाखवतो, बस. पण मधला एखादा ब्लॉक बदलला, तर तो नव्या जागी लिहावा लागतो, कारण जुन्या जागी लिहायचंच नाही हाच तर वीज गेली तरी न बिघडण्याचा पाया. तो हलला की त्याच्याकडे बोट दाखवणारा पुढचा बदलतो, मग त्याच्या पुढचा, असं फायलीच्या शेवटपर्यंत. जितकं सुरुवातीजवळचं बदलाल तितकं जास्त लिहावं लागतं.

आणि एसक्यूलाइट नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला फायलीचं पहिलं पान बदलतं. त्या पानावर २४ व्या बाइटपासून चार बाइटांचा बदल-मोजणारा आकडा असतो. दुसऱ्या कुणी फाइल बदलली का, हे त्यावरून कळतं. डेस्कटॉपवर हे चार बाइट बदलायला काहीच लागत नाही. आमच्याकडे त्या चार बाइटांपायी संपूर्ण फायलीची नवी प्रत तयार होत होती.

हिशेब कागदावरच बसतो. फाइल ५१२ केबीची झाली होती, म्हणजे ४ केबीचे १२८ ब्लॉक. आमच्या फ्लॅशला एक ब्लॉक पुसायला सरासरी ४५ मिलिसेकंद, भरायला सुमारे ११. एकशे अठ्ठावीस गुणिले छप्पन्न: ७.२ सेकंद. वॉचडॉगच्या चार सेकंदांची रेघ फाइल साधारण ३०० केबीच्या पुढे गेली त्या दिवशीच ओलांडली गेली होती. त्या दिवसापासून प्रत्येक सिंगल फेजिंगला हेच होणार होतं. फक्त फ्यूज जायचा बाकी होता.

आमच्या चाचणीत हे का दिसलं नाही, तेही सापडलं. चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये पहिलीच ओळ फ्लॅश पुसण्याची होती. हेतू चांगला, प्रत्येक चाचणी स्वच्छ पाटीवर व्हावी. म्हणून आमची फाइल कधी ४०-५० केबीच्या पुढे गेलीच नाही, आणि तेवढ्या फायलीला लागणारा पाऊण सेकंद कुणाच्या डोळ्यांत भरला नाही.

यात कोणाचा दोष? एसक्यूलाइटचा नाही, ते जे सांगतं ते करतं. लिटलएफएसचाही नाही, तिच्या रचनेच्या दस्तऐवजात ही साखळी आकृत्यांसह समजावलेली आहे, मधल्या लिखाणाची किंमतही तिथून वाचता येते. त्या मुलीचा तर मुळीच नाही. आमच्या गरजांच्या कागदावर “नोंद साठली पाहिजे” असं होतं. “किती वेळात” हे नव्हतं. तो कागद मी लिहिला होता.

प्रायॉरिटी इन्हेरिटन्सने वाचवायला नको होतं?

हा प्रश्न आमच्या बैठकीत लगेच आला, आणि बाहेरच्या दोन अनुभवी मित्रांनीही तोच विचारला. त्यामुळे याचं उत्तर नीट द्यायला हवं.

१९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाची गोष्ट या क्षेत्रातल्या बहुतेकांना पाठ असते. तिथेही खालच्या टास्ककडे लॉक, वरचा टास्क त्यासाठी थांबलेला, आणि वॉचडॉगमुळे वारंवार रिसेट. पण तिथे खरा अडसर मधल्या प्रायॉरिटीच्या टास्कचा होता. तो खालच्याला प्रोसेसर मिळू देत नव्हता, म्हणून लॉक सुटत नव्हतं. पृथ्वीवरून प्रायॉरिटी इन्हेरिटन्स चालू केलं, लॉक धरणाऱ्याला थांबलेल्याची प्रायॉरिटी मिळाली, मधला बाजूला झाला, काम झालं.

आमच्या लॉकला इन्हेरिटन्स पहिल्या दिवसापासून होतं. फ्रीआरटीओएसच्या म्युटेक्स नावाच्या लॉकमध्ये ते मिळतं (बायनरी सेमाफोर या दुसऱ्या प्रकारात मिळत नाही, आणि पोर्ट करताना ही गल्लत पुष्कळदा होते). आमच्याकडे लॉग टास्कची प्रायॉरिटी वर गेली, मध्ये कोणी आलं नाही, प्रोसेसर पूर्णपणे त्याचा. तरी सात सेकंद लागणारच होते, कारण तो प्रोसेसरची वाट बघत नव्हता, फ्लॅश पुसली जाण्याची वाट बघत होता. इन्हेरिटन्समुळे लॉक धरणाऱ्याच्या वाटेतली माणसं बाजूला होतात. त्याचं स्वतःचं काम लहान होत नाही. लॉक धरून होणाऱ्या कामाला वरची मर्यादा नसेल, तर ते लॉक मागणाऱ्या प्रत्येकाची मर्यादा संपते, मग तो कितीही वरच्या प्रायॉरिटीचा असो.

डेस्कटॉपसाठी लिहिलेल्या आणि रिअल-टाइमसाठी लिहिलेल्या कोडमधला मला जाणवलेला फरक हाच आहे. पहिल्यात प्रत्येक कॉलला दोन उत्तरं असतात, झालं किंवा चुकलं. दुसऱ्यात तिसरं विचारायलाच हवं: जास्तीत जास्त कधी? एसक्यूलाइटच्या सिंकला डेटा सुरक्षित झाल्यावर परत यायचं माहीत आहे. कधीपर्यंत यायचं हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं, आणि ते ज्या जगात वाढलं तिथे विचारायची गरजही नव्हती. ते विचारणं पोर्ट करणाऱ्याकडे येतं.

काय बदललं

सर्वांत आधी प्रोटेक्शन टास्कच्या वाटेतून प्रत्येक लॉक काढलं. लॉकआउटची खूण आता फायलीत नाही. या चिपमध्ये घड्याळाच्या बटण-सेलवर जिवंत राहणारी ४ केबी बॅकअप रॅम आहे. खूण, तिची उलट प्रत आणि सीआरसी (मजकूर बिघडला नाही ना हे तपासायचा आकडा) तिथे जातात. लिहायला मायक्रोसेकंद लागतात आणि वॉचडॉगच्या रिसेटनंतरही ती तिथेच असते. घटनेची नोंद प्रोटेक्शन टास्क रांगेत टाकतो आणि शून्य टिक थांबतो, म्हणजे थांबतच नाही. रांग भरलेली असेल तर नोंद सोडून देतो आणि सुटलेल्या नोंदींचा आकडा वाढवतो. एखादी नोंद सुटली तर चालेल, मोटर जळून चालणार नाही. हे आधी कुठेच लिहिलेलं नव्हतं, आता गरजांच्या कागदावर पहिल्या पानावर आहे.

मग एसक्यूलाइटचं काय करायचं, यावर बराच वाद झाला. त्या मुलीचं म्हणणं होतं की डब्ल्यूएएल पद्धत वापरू. त्यात बदल आधी वेगळ्या फायलीच्या शेवटी जोडले जातात, आणि शेवटी जोडणं तर लिटलएफएसला आवडतंच. या पद्धतीला सामायिक मेमरी लागते, पण डेटाबेस एकट्यानेच उघडलेला असेल तर तिच्याशिवायही चालवता येते. तिने तीन दिवसांत करून दाखवलं, आणि रोजची नोंद खरोखर सात सेकंदांवरून सेकंदाच्या छोट्या अंशावर आली. पण जोडलेले बदल कधीतरी मूळ फायलीत उतरवावे लागतात, आणि तेव्हा मधली पानं बदलतात. तो खर्च नाहीसा होत नव्हता, एका वेळी साठून येत होता. पहाटे तीनला उतरवू, असं ती म्हणाली. पावसाळ्यात पहाटे तीन ही आमच्या पंपांची ऐन कामाची वेळ असते.

तिचा मार्ग चूक नव्हता. प्रोटेक्शनच्या वाटेतून लॉक गेल्यावर तो सुरक्षितही होता. तरी मी डेटाबेस यंत्रातून काढण्याच्या बाजूने राहिलो. आमच्या नोंदी कधी बदलत नाहीत, पुसल्या जात नाहीत, फक्त वाढतात. मधल्या पानांवर जाऊन बदल करण्याची ताकद हेच डेटाबेसचं मोल, आणि नेमकी तीच आम्हाला नको होती, तरी तिची किंमत आम्ही प्रत्येक नोंदीला मोजत होतो.

आता यंत्रात ३२ बाइटांच्या ठरावीक मापाच्या नोंदी आहेत. दिवसाला एक फाइल, फक्त शेवटी जोडायचं. प्रत्येक सिंकला शेवटचा अर्धा भरलेला ब्लॉक नव्या जागी जातो आणि मेटाडेटाची नोंद होते. म्हणजे दोन-चार ब्लॉकांचा मामला, फाइल पहिल्या दिवसाची असो की शेवटच्या. एसक्यूलाइट सर्व्हिसवाल्याच्या मोबाइलवर गेलं: यंत्राला जोडलं की त्या फायली खाली उतरतात, टेबलात भरल्या जातात, आणि जुन्या क्वेरी एक अक्षरही न बदलता चालतात. तिने लिहिलेलं व्हीएफएस वाया गेलं असं मी मानत नाही. त्यातला सीसीएमचा बफर आणि डीएमएच्या एररची तपासणी आता आमच्या फ्लॅश ड्रायव्हरमध्ये कायमची आहे.

लिटलएफएसमध्ये आणखी एक जागा सापडली, तीही या शोधातच. मोकळे ब्लॉक शोधायला ती फ्लॅशचा एक पट्टा पाहून बिटांच्या नकाशात ठेवते. नकाशा संपला की पुन्हा सगळ्या फायली चाळते. आमचा नकाशा १६ बाइटांचा होता, म्हणजे १२८ ब्लॉकांपुरता, त्यामुळे चाळणी वारंवार होई. १६ एमबीत ४०९६ ब्लॉक. एका ब्लॉकला एक बिट धरला तर ५१२ बाइटांत सगळी फ्लॅश मावते. १९२ केबीतले ५१२ बाइट दिले. चाळणी पूर्ण थांबली नाही, क्वचितच होते, आणि ती होते तेव्हा लॉग टास्क थांबतो, बाकी कोणी नाही.

चाचणीची ती पहिली ओळ काढली. तिच्या जागी आता उलटं आहे: फ्लॅश आधी नव्वद टक्के भरायची, जुन्या दिवसांच्या फायली मुद्दाम पुसून तुकडे पाडायचे, आणि मग मोजायला सुरुवात करायची. एक रिले रात्रभर मनाला येईल त्या क्षणी एक फेज तोडतो, आणि कॉन्टॅक्टर उघडण्यापासून बॅकअप रॅममध्ये खूण पडेपर्यंतचा वेळ एका पिनवर मोजला जातो. सरासरी आम्ही बघतच नाही. रात्रीतला सर्वांत मोठा आकडा तेवढा सकाळी फळ्यावर लिहिला जातो.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. बॅकअप रॅम त्या बटण-सेलवर अवलंबून आहे. सेल उतरला आणि त्याच वेळी वीजही गेली, तर लॉकआउटची खूण जाते. सध्या यंत्र उठताना सेलचा व्होल्टेज तपासतं. तो कमी असेल किंवा सीआरसी जुळत नसेल, तर पंप सुरू करण्याआधी दोन मिनिटं थांबतं, दोन मिनिटांत एकच प्रयत्न करतं आणि तीन प्रयत्नांनंतर हूटर वाजवतं. हूटरचा आवाज वॉचमनच्या केबिनपर्यंत पोचतो का, हे बघायला मागच्या आठवड्यात मी त्या सोसायटीत गेलो होतो. काकांनी केबिनचं दार लावून घेतलं, पंखा चालू केला आणि मला खाली जाऊन वाजवायला सांगितलं. पोचतो, पण पावसाच्या आवाजात पोचेल असं त्यांना वाटत नाही. हूटर जिन्याजवळ हलवायचं ठरलं आहे.